मागे राहून लिहिणारा

परवा तुमच्या ऑफिसात शोकसभा झाली. कौतुकाची सभा म्हटलं तर जास्त बरोबर होईल. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, मेजावर तुमचा फोटो होता. आपल्या लग्नातलाच तो, मला कापून तुम्हाला मोठं केलेला. झेंडूचा हार होता. तुमच्या शेजारच्या टेबलावरचे बाबू डोळे पुसत होते. मला पुढे खुर्ची दिली. मग हेडबाबू बोलायला उठले. म्हणाले, "वानखडेबाबूंसारखा तार घेणारा माणूस पुन्हा व्हायचा नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी पलीकडच्याला कधी थांब म्हटलं नाही, कधी पुन्हा सांग म्हटलं नाही. शेवटची तारसुद्धा त्यांनी पुरी घेतली. एक अक्षर सांडलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी हळूच "वा" म्हणालं.

मला इतका राग आला की मी हातातला रुमाल दातात धरला. त्यांचा तर आलाच, पण खरं सांगू, आधी तुमचा आला. पुढे त्या सभेत काय झालं ते मी शेवटी सांगेन. तुम्हाला तसंही सगळं उशिराच उतरवून घ्यायची सवय.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. घरी बुद्धवंदना झाली त्या दिवशी आत्यांनीही तेच सांगितलं. मग कोणावर रागवायचं? तुम्ही होता तेव्हा रागावले की तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचे, आणि मी भांडी घासायला बसले की मागून म्हणायचे, "बरोबर हाये तुहं." तोवर माझा राग गेलेला असायचा. आता तसं व्हायचं नाही. आता मी पुरतं रागावून घेणार आहे.

दर्यापूरहून लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा राजापेठेत आपली एकच खोली होती. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की हा माणूस आपलं ऐकतो, पण उत्तर देत नाही. म्हणजे देतो, पण आपण दोन गोष्टी पुढे गेल्यावर. "भाकर वाढू का?" विचारलं की तुम्ही गप्प. मग मी आईची खुशाली, शेजारणीचं भांडण, संपलेलं रॉकेल असं सांगत सुटायची, आणि मध्येच तुम्ही म्हणायचे, "हो, अर्धी वाढ." मला आधी वाटलं, नवरा बहिरा आहे आणि माझ्या घरच्यांपासून लपवलं.

एकदा चुलीवर दूध होतं आणि तुम्ही चुलीपाशीच पाटावर बसला होता. मी अंगणात नळावर. तिथून मी ओरडले, पाणी चाललं, घागर एकच भरली, शेजारीण पुढं घुसली, आन् दूध पाहा वो, उतू चाललं. आत आले तर सगळं दूध निखाऱ्यांवर आणि खोलीभर धूर. "म्या काय म्हन्लं व्हतं?" मी विचारलं. तुम्ही माझं सगळं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, घुसलेल्या शेजारणीसकट.

"ऐकलं ना मंग? उठले काहून नाई?"

"थे आता येऊनच राहिलं व्हतं," तुम्ही म्हणाला.

मी हातातली घागर खाली आपटली आणि हसत सुटले. तुम्हीही हसलात. अर्थात जरा वेळाने.

त्या दिवशी तुम्ही एक वाटी पालथी घातली, चमचा घेतला आणि तुमचं काम मला समजावून दिलं. तारेचं यंत्र अक्षरं एकामागून एक फेकत राहतं. पितळेची छोटीशी दांडी कट्ट-कडकट्ट करते. लांब आणि आखूड ठोके मिळून एक अक्षर होतं. अक्षर आलं की लगेच लिहायला धावतो तो नवशिका, कारण तो लिहीत असतो तेवढ्यात पुढचं अक्षर येऊन गेलेलं असतं. मुरलेला तारबाबू अक्षरं डोक्यात साठू देतो, त्यांचा शब्द होऊ देतो, आणि चार-पाच शब्द मागे राहून सावकाश लिहीत जातो. कान पुढे, पेन्सिल मागे. यंत्र बंद झालं तरी त्याची पेन्सिल चालूच असते. मधे जे साठलेलं असतं ते यंत्रात नसतं आणि कागदावरही नसतं, ते फक्त त्या माणसाजवळ असतं.

मग तुम्ही मलाही शिकवायला बसवलं. तुम्ही वाटीवर ठोके द्यायचे, मी पाटीवर लिहायची. मी नेहमी अडकायची.

"अक्षर आलं का लिवाची घाई नोको करू," तुम्ही म्हणायचे. "शब्द भरू दे आंधी."

"आन् भरून वर सांडाले लागलं त?"

"सांडू द्याचं नाई."

"काहून? समोरच्याले थांब म्हनाचं. त्याच्या बापाचं काय जाते?"

थांब म्हणता येतं हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तार घेणाऱ्याच्या हाताखालीही एक की, म्हणजे दाबायची कळ, असते. ती दाबली की पलीकडच्याला कळतं आणि तो थांबतो. शेवटचं बरोबर घेतलेलं अक्षर कळवलं की तिथून पुन्हा पाठवतो. एका बोटाचं काम. पण माझ्या प्रश्नावर तुम्ही चमचा हातात तसाच धरून बसलात. मी दोन गोष्टी पुढे गेले, चार गेले, स्वयंपाक झाला, जेवणं झाली. त्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही.

तुमच्या या सवयीला मी उगीच नावं ठेवते असं कोणाला वाटू नये. माझ्या माहेरी बाईचं वाक्य पुरं होईपर्यंत कोणी थांबत नसे. बाबा अर्ध्यातच उठून जायचे. तुम्ही माझं एकही वाक्य वाया जाऊ दिलं नाही. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना मी बोलून गेले की मॅट्रिक पुरी झाली असती तर मास्तरीण झाले असते. मी ते विसरूनही गेले. किती महिने लोटले, आणि एका संध्याकाळी तुम्ही चपला काढता काढता म्हणाला, "शाळेत इचारून आलो. बाहेरून बसता येते तुले परीक्षेले."

"कोन्त्या परीक्षेले?"

"थे नाई का तू म्हनत होती? घड्या घालून राहिली होती तवा."

मी चुलीकडे तोंड करून रडले. आज मी शाळेत पोरांना शिकवते आणि आपल्या पोरीला, सुजाताला, घेऊन माझ्या पायावर उभी आहे, ती तुमच्या त्या उशिरा आलेल्या उत्तरामुळे. हे उपकार मी नाकारत नाही. म्हणून तर जास्त चीड येते. दुसऱ्याचं एवढं ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचं ऐकू येऊ नये?

मग अकोल्याला बदली झाली, कापूस बाजाराजवळच्या तारघरात. अमरावतीचं काम त्यापुढे खेळ वाटावा असं. कापसाचा हंगाम लागला की व्यापाऱ्यांच्या तारांचा पाऊस. घरगुती तार सोपी असते असं तुम्ही सांगायचे. कोणीतरी आजारी आहे, कोणाला तरी मुलगा झाला, अर्धा शब्द आला की उरलेला कळतो. पण व्यापाऱ्यांच्या तारा त्यांच्या गुप्त भाषेत. भाव कोणाला कळू नये म्हणून काहीच्या काही अक्षरं जोडलेले शब्द. अंदाज करायची सोय नाही, प्रत्येक अक्षर सुटं सुटं डोक्यात धरायचं. खोलीत एकाच वेळी सगळी यंत्रं वाजायची. आपलं यंत्र वेगळं ऐकू यावं म्हणून तुम्ही घरातला बिस्किटाचा पत्र्याचा डबा नेऊन त्याच्या पाठीशी लावला, न विचारता, आतली चहापत्ती कागदावर ओतून. त्यावरून आपलं भांडण झालं. तो डबा ऑफिसने मला परवा परत दिला. मी त्यात पुन्हा चहापत्ती भरली. तुमचं स्मारक करायची मला हौस नाही.

त्या हंगामात संध्याकाळी घरी आलात की तुम्ही ओट्यावर बसून राहायचे. बोलायला गेलं की हात वर करायचे. कानात अजून वाजतंय म्हणायचे. अशाच एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते, आणि तुम्ही एकदम म्हणाला, "तू इचारलं व्हतं ना, थांब काहून म्हनत नाई?"

मला आठवावं लागलं कधी विचारलं ते. सुजाता तेव्हा झालीही नव्हती.

मग तुम्ही सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष, ऑफिस कुठलं ते जाऊ द्या. तारेवर खरखर होती. तुम्ही की दाबून पुन्हा मागितलं. सगळेच मागतात. थोड्या वेळाने आणखी एकदा मागितलं. तेव्हाचा तिथला मोठा बाबू सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पलीकडच्याला कळवा, जरा हळू पाठव. इकडे सवलतीचे कान बसवलेत." खोली हसली. तुम्ही परीक्षा तीच दिली होती, पास त्यांच्याइतकेच झाला होता. पण जागा राखीव होती ना. तेवढं त्यांना पुरलं.

"त्या दिवशी ठरोलं म्या," तुम्ही म्हणाला. "मेलो तरी लाइन तोडाची नाई."

माणसं बोलतात तसं ते बोललात, मेलो तरी वगैरे. तुमच्या बाबतीत तेसुद्धा अक्षर न सांडता उतरलं.

मी तेव्हाच भडकले होते. तांदळाचं सूप बाजूला ठेवून म्हणाले, "आन् तुमच्या बाजूचे बाबू? थे दिवसातून किती खेपा थांबोतात?"

"त्यायचं येगळं हाये."

"काहून येगळं? छप्पनले नागपूरहून दीक्षा घेऊन येतानी गाडीत कोन म्हन्लं व्हतं, आता कोनापुढं वाकाचं नाई म्हून? मीच होती ना बाजूले?"

"वाकून नाई राहिलो मी. बसून राहिलो. आन् त्यायच्यापेक्षा चांगलं करून राहिलो."

"चांगलं करता हो. पन त्यायनं चुकलं त माणूस चुकला, आन् तुमी चुकले त सारी जात चुकली. हे वझं कोनं देल्लं तुमाले? फेकून द्या ना."

तुम्ही उठून आत गेलात. ते भांडण आपण दर हंगामात काढत होतो. कधी तुम्ही म्हणायचे, एक आपला माणूस चुकला तर मागून येणाऱ्या पोरांचं दार बंद होतं. मी म्हणायची, आणि एक आपला माणूस मेला तर? तुम्ही म्हणायचे, काही मरत नाही मी. यापुढे ते भांडण मी एकटीने कसं करू ते सांगा. तुमची बाजूही मलाच मांडावी लागते, आणि ती मांडताना मला तुमचं म्हणणं पटतं, मग आणखी चीड येते.

तो मोठा बाबू रिटायर होऊन कुठे अचलपूरकडे नातवंडं खेळवत असेल. आपण असं काही बोललो होतो हे त्याला आठवतही नसेल. आणि तुम्ही त्याचं ते एक वाक्य डोक्यात घेऊन बसलात. आलेली प्रत्येक तार तुम्ही कागदावर उतरवून मोकळे झालात, ते वाक्य मात्र कुठेच उतरवलं नाहीत. कोणाला सांगितलंत तर मला, तेही एवढ्या वर्षांनी. इतका वेळ का धरून ठेवायचं ते? त्याच्या तोंडावर मारायचं होतं, नोकरी गेली असती तर गेली असती, मी चार घरची धुणी धुतली असती.

या दिवाळीनंतर तुम्ही जिना चढताना मध्येच थांबायला लागलात. मी पाहिलं. विचारलं, "छातीत दुखते का?" तुम्ही दोन पायऱ्या चढलात, कठडा धरलात, किल्ली काढलीत, मग म्हणालात, "पित्त हाये." दवाखान्यात चला म्हटलं तर, हंगाम सरू दे. रजा घ्या म्हटलं तर, हंगामात रजा कोन देते. निदान हलक्या टेबलावर बसवा म्हणून सांगा, म्हटलं. "सांगतलं त म्हनतील..." "म्हनू द्या!" मी एवढ्याने ओरडले की सुजाता अभ्यास सोडून दारात आली. तुम्ही तिच्याकडे पाहून हसलात आणि वाटी पालथी घालून तिच्या नावाचे ठोके दिलेत. विषय संपला. तुमच्या त्या हसण्यावर मी नेहमी फसायची.

त्या दुपारचं मला शेजारच्या बाबूंनी सांगितलं. मुंबईची लाइन होती, व्यापाऱ्याची लांबलचक तार. तुम्ही डाव्या हाताने कपाळ पुसत होता. मग डावा हात छातीवर दाबून धरला. उजवा लिहीत होता. यंत्र थांबलं. तुमची पेन्सिल मात्र चालूच, कारण मागचे शब्द अजून डोक्यात होते. ते सगळे लिहून काढलेत, वेळ टाकलीत, सही केलीत, आणि मग टेबलावर डोकं टेकलंत. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. जरा आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी सहज सांगितलं. माझ्या डोक्यातून ते जात नाही.

कोणाची तार होती ती? कोणा कापसाच्या गठाणीवाल्याची. भाव वर गेला का खाली आला, एवढंच असेल तिच्यात. त्या मेल्या भावासाठी तुम्ही श्वास धरून बसलात. ती की तुमच्या हाताखालीच होती. एक बोट. मुंबईचा माणूस थांबला असता, हेडबाबू चिडले असते, कोणीतरी काहीतरी बोललं असतं, आणि तुम्ही संध्याकाळी दवाखान्यातल्या खाटेवर पडून माझ्या शिव्या ऐकत असता. मला एवढंच हवं होतं. मला उत्तम तारबाबू नको होता हो, मला नवरा हवा होता. सुजाता विचारते, बाबांना कोणी पाणी का दिलं नाही? तिला काय सांगू?

तर आता त्या सभेचं. 'एक अक्षर सांडलं नाही' म्हणून झाल्यावर हेडबाबूंना आणखी चेव आला. म्हणाले, "त्या दिवशी त्यांना बरं नव्हतं. सदरा घामाने भिजला होता, चेहरा पांढरा पडला होता, आम्ही सर्व जण पाहत होतो. पण काय ती एकाग्रता! कर्तव्य म्हणजे काय, हे तरुणांनी..." आणि ते कर्तव्यावर घसरले. कर्तव्यावर त्यांचं बरंच पाठ होतं. वाक्यांमागून वाक्यं येत होती. मी मात्र मागेच राहिले, त्या घामाच्या वाक्यापाशी. मला पुढचं काही ऐकू येईना.

मी उठून उभी राहिले. "थांबा," मी म्हटलं.

माझा वर्गातला आवाज तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या बाकापर्यंत गेला.

हेडबाबू म्हणाले, "वहिनी, बसा. तुम्ही दुःखात आहात."

"दुःखात हाये म्हनूनच इचारून राहिली. मांगचं पुन्हा सांगा. घामाचं."

ते इकडे तिकडे पाहू लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "सदरा घामाने भिजला होता."

"त्याच्यापुढचं?"

"चेहरा... पांढरा पडला होता."

"पुढं?"

"आम्ही सर्व जण..." ते तिथेच अडकले.

"पाहत होतो, म्हन्ले तुमी," मी म्हटलं. "किती येळ पाहत होते बाबू? आन् एकालेही त्यायच्या खांद्यावर हात ठेवून उठ म्हनाचं सुचलं नाई? का तुमालेही पाह्याचं होतं, सवलतीचे कान किती दम धरतात थे?"

शेजारच्या टेबलावरचे बाबू सतरंजीकडे पाहत राहिले. मी उत्तराची वाट पाहिली. उशिरा येणाऱ्या उत्तराची वाट पाहायला मी तुमच्याजवळ राहून चांगली शिकले आहे. ते आलं नाही. मग मी मला परत द्यायला फोटोशेजारी ठेवलेला आपला डबा उचलला, सुजाताचा हात धरला आणि बाहेर पडले.

रस्त्यात मी सुजाताचा हात सोडला नाही. ऑफिसातून मिळायचं ते आता अडवतील, लोक नावं ठेवतील, सगळं मनात येऊन गेलं. माझ्यामागे कोणी काही म्हणालं असेल तर म्हणो. माझ्यासमोर कोणी हसलं नाही.

एवढंच सांगायचं होतं, आणि हे मी तुम्हाला सावकाश सांगते, एक एक शब्द, म्हणजे तुम्हाला काही साठवून धरायला नको. मी थांबा म्हटलं. आणि तो माणूस थांबला हो. लगेच थांबला.